दही सेट होईपर्यंत

अप्पांना नाशिकला माझ्या घरी घेऊन जायला मी तिसऱ्यांदा आले होते आणि अप्पा पुन्हा तेच म्हणाले, "'सेट' पुरा झाला की निघू."

इंग्रजी शब्द मराठी घरांत शिरून काय काय अर्थ घेतात, ते टिपायचा त्यांना नाद. एका अर्थाला एक चिठ्ठी. वाक्य मनानं रचायचं नाही. कानांनी ऐकलेलंच लिहायचं आणि खाली बोलणाऱ्याचं नाव.

दुपारच्या सुस्त पंख्याखाली खाटभर चिठ्ठ्या हलत होत्या. मी एकेक उचलून वाचू लागले. 'दही सेट व्हायचंय, भांडं हलवू नका.' 'तो कपांचा सेट पाहुण्यांसाठी आहे.' 'पोरगी सेट झाली, आता आपण दोघंच.' प्रत्येकीखाली आईचं नाव, मालिनी. वाचता वाचता स्वयंपाकघरात कुणीतरी वावरतंय असं वाटायला लागलं. आईला जाऊन आठ महिने झाले होते.

"एकच अर्थ राहिलाय," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "पण आता या घरात बोलतं कोण?"

त्यांचे डोळे पेंगुळले होते. मी फोन हातात घेतला. "तुम्ही पडा जरा. मी चारचा अलार्म सेट करते, मग चहा घेऊ."

अप्पा एकदम ताठ बसले. कोरी चिठ्ठी ओढून त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि क्षणभर थांबून खाली माझं नाव घातलं. मग सगळ्या चिठ्ठ्या खोक्यात रचल्या, दह्याची सगळ्यात वर ठेवली.

"चल," ते म्हणाले. "पुढचा शब्द तुझ्या घरी ऐकेन."