हातातला ब्रेक

"हा हातातला ब्रेक काढून टाक, कडूबा," देशमुख काकासाहेब म्हणाले. निजामाच्या त्या दिवसांत साऱ्या तालुक्यात फटफटी त्यांची एकट्याची होती. "पुढचा ब्रेक भित्र्यांना लागतो. चार वर्षं झाली, मी नुसता पायाचा दाबतो. उतारावर बी जागेवर थांबते. तुम्हा मिस्तरी लोकांना काय कळणार, गाडी चालवणाऱ्याच्या हिमतीवर थांबते."

"बराबर हाय, मालक." कडूबाने मुठीवरचा दांडा काढून दिला. काकासाहेबांनी तो नाल्यात भिरकावला आणि ते किक मारू लागले.

त्या आवाजात त्यांच्या पत्नी तुळजाबाईंनी कडूबाला हळूच विचारलं, "चार वर्षांमागं म्या तुला पायाच्या ब्रेकला पुढचं चाक बी जोडायला सांगितल्तं. ती तार हाय ना?"

"तशीच हाय, बाईसाहेब."

"मंग ह्यांची हिंमत बी तशीच राहील," म्हणत त्या मागे बसल्या.