विमानानं आलेले तिघे

अंकिताचं लग्न झालं, त्या वर्षी तिचा थोरला भाऊ उदयसिंह जम्मूला पलटणीत होता. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि सुट्टीला येणारा प्रत्येक जण रेल्वेनं यायचा. विमानानं आजवर तिघेच आले होते, तेही तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीतून. त्यामुळे त्यांच्या आईचं, बनुबाईचं, विमानाबद्दलचं मत पक्कं होतं.

"आये, रोज लाखो माणसं इमानातनं जित्ती उतरत्यात," सुट्टीवर आलेला उदयसिंह हसून म्हणाला.

"लाखाचं मला ठावं न्हाई. आपल्या गावची तिन्ही पोरं पेटीतनं आली. रेल्वेनं आल्यालं एकबी मेल्यालं न्हवतं. घे माझ्या गळ्याची शपथ."

उदयसिंहनं आईच्या गळ्याला हात लावला. त्यानं विमानात न बसण्याची शपथ घेतली.

दिवाळीनंतर बनुबाईच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्यायला सांगितलं. अंकिताचा फोन गेला तसं साहेबांनी उदयसिंहच्या हातात विमानाचं तिकीटच ठेवलं. त्यानं बुधवारी सकाळी आईला फोन लावला.

"आये, शपथ सुटली म्हण. सांजच्याला तुझ्यापाशी असतो बघ."

"गप रेल्वेनं ये," बनुबाई धापा टाकत म्हणाली. "मी काय पळून चाललीया व्हय रं?"

 

उदयसिंह शुक्रवारी दुपारी रेल्वेनं सुखरूप पोचला. बनुबाई गुरुवारी सकाळी वारली होती.