दोनशे बारावी नोंद

“गुंडू आहेत का? कोल्हापुरातनं बोलतेय, रक्तपेढीतनं.”

“गुंडू न्हाय, बाई. मी हंबीरराव.”

रिसीव्हरवर तळवा दाबून विद्याश्रीनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहिलं. वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, संध्याकाळच्या आत. यादीत त्या गटाचे तिघेच. एक पुण्याला गेलेला, दुसऱ्यानं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. तिसरा गारगोटीचा गुंडू. त्याच्यापुढं नंबर मात्र वरच्या ओळीतल्या हंबीररावांचा.

यादी सकाळीच तयार झाली होती. त्या वर्षी टेलिफोनच्या सगळ्या नंबरांआधी दोनचा आकडा लागला होता आणि चार हजार रक्तदात्यांचे नंबर दुरुस्त करायचे होते. विद्याश्रीनं पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एका ओळीचं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातून नंबर हुडकणारा साचा, लिहिलं. कंस, डॅश, मधली मोकळी जागा. नोंद कशीही असो, त्यातला नंबर ते बरोब्बर उचलायचं. शेजारच्या टेबलावर अमरसिंहनं तेच काम पायथन या दुसऱ्या भाषेत केलं होतं, एकोणीस ओळींत. ते मध्येच बंद पडलं, तेव्हा ती हसली होती.

“अमर, तुझं कुठल्या नोंदीवर अडलं?”

“दोनशे बारा. गुंडू, गारगोटी. नंबरच लिहिलेला न्हाय. न्हाई तिथं नंबर मागितला, की पायथन थांबतंय.”

“माझं थांबलंच नाही.” तिनं कोड वर सरकवला. “हे बघ. नंबर ज्यात साठवते, त्या व्हेरिएबलला ‘माय’ हा शब्द लावायचं राहिलं. त्यामुळं ते दर नोंदीला नव्यानं रिकामं न होता सगळ्या प्रोग्रॅमचं झालं. गुंडूपुढं काही सापडलं नाही, तर आधीच्या माणसाचा नंबर तसाच राहिला. तुझ्या पायथनला मी उगाच हसले.”

“हसलीस त्ये ऱ्हाऊ दे. ‘सापडला तरच घे’ असं मी लिहिलं असतं, तर माझ्याबी लूपमधी, पुढच्या फेरीला मागचाच नंबर राहिला असता.” अमरसिंह तिच्या त्या एका ओळीवर बोट ठेवून उभा होता. “पर ज्याला मला एकोणीस ओळी लागल्या, त्ये तू एका ओळीत केलंस. काय लिवलंयस!”

रिसीव्हरमधून हंबीरराव ओरडत होते. तिनं घाईनं तो कानाला लावला.

“कंचा गुंडू? रक्तदानाच्या शिबिरात माझ्या मागं हुता त्यो? स्टँडम्होरं पंक्चर काढतोय की त्यो! घिऊन येतो गाडीवरनं.”

साडेचारला दोघं आले. गुंडूचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते धुवून, पुसून तो कॉटवर आडवा झाला. तासाभरानं पिशवी वर गेली आणि अंधार पडायच्या आत बाळंतिणीची आई जिना उतरून खाली आली. तिनं गुंडूपुढं हात जोडले. तो लाजून भिंतीकडं बघायला लागला.

“दादा, पुन्हा गरज पडली तर?” विद्याश्रीनं विचारलं. “नंबर सांगा.”

“फोन न्हाय, ताई. स्टँडवर कुणालाबी सांगा. मी येतो.”

ती जागेवर गेली आणि नंबराच्या रकान्यात तिनं तसंच टाइप केलं: गारगोटी स्टँड, कुणालाही सांगा.