आवाज येतोय का

"त्याला विचार, वायर दोन्हीकडून नीट बसलीय का," ताई नवऱ्याला म्हणाली.

भाऊजी हॉलमधून मुलांच्या खोलीत गेले, तिच्या धाकट्या भावाला तेच विचारून परत आले. वायर बसली होती. कॉम्प्युटर म्हणत होता, आवाज बाहेर जातोय. हॉलमधला स्टिरिओ म्हणत होता, काहीच येत नाही. मधे भाऊजी होते आणि त्यांचा चहा गार झाला होता.

बहीण-भाऊ दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. ताई शाळेच्या सहलीबरोबर गेली असताना आईला सोबत म्हणून धाकटा आईच्या घरी राहायला गेला होता. आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा मात्र घरात कोणीच नव्हतं. दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखत, ताई म्हणाली होती, "आईला तुझ्यावर टाकून गेले, हीच माझी चूक." धाकटा काही बोलला नाही. तेव्हापासून आई ताईकडे, आतल्या खोलीत पलंगावर. धाकटा यायचा, पण ताई शाळेत असताना. निरोप भाऊजींमार्फत.

आईला वडिलांचं व्हायोलिन ऐकायचं होतं. निवृत्तीनंतर वडिलांनी हौसेने वाजवलेलं सगळं कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर ते डब्यात माशी अडकल्यासारखं वाजायचं. स्टिरिओवर लाव, आई म्हणाली. धाकट्याने बुधवार सुचवला. आईला रविवारच हवा होता.

म्हणून आज वडिलांचा कॉम्प्युटर मुलांच्या खोलीत होता. हॉलमध्ये त्याला जागाच नव्हती. उजेडातून आवाज नेणारी डिजिटल वायर दारातून स्टिरिओपर्यंत जेमतेम पोचत होती. कॉम्प्युटरपाशी बसलं की स्टिरिओ दिसत नव्हता आणि स्टिरिओपाशी उभं राहिलं की कॉम्प्युटर.

धाकटा बँकेत कॉम्प्युटरच सांभाळायचा. त्यामुळे त्याचा जास्तच संताप होत होता. त्याने सेटिंग बदललं, परत बदललं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हॉलमध्ये ताईने स्टिरिओवरची सगळी बटणं दाबून पाहिली. रेडिओ लागला, टीव्हीचा आवाज आला, व्हायोलिन तेवढं येईना. भाऊजी इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होते आणि दरवेळी निरोपातला अर्धा शब्द वाटेत सांडत होते. धाकट्याने स्टिरिओवर 'ऑप्टिकल दोन' हे वायरीचं बटण दाबायला सांगितलं, ते ताईपर्यंत 'दोन नंबर' होऊन पोचलं आणि तिने दोन नंबरचं रेडिओ स्टेशन लावलं.

शेवटी भाऊजी वैतागले. दुसरी वायर आणतो म्हणाले, चपला घातल्या आणि निघून गेले. दार जरा जोरातच लागलं.

घर गप्प झालं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. धाकट्याने आणखी एक सेटिंग बदललं आणि वाट पाहिली. कोणी येऊन सांगणार नव्हतं.

"आवाज येतोय का?" त्याने खोलीतूनच विचारलं. कोणाला, ते म्हटलं नाही.

"नाही," हॉलमधून उत्तर आलं. मग जरा वेळाने, "लाल दिवा दिसायला हवा ना वायरीच्या टोकाला?"

"हो. दिसतोय?"

तिने वायर उपसली. टोकावर प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण तसंच होतं. तिने ते काढलं. आत लाल ठिपका उजळला. इतका वेळ तिघांनी त्या टोपणाशीच झगडा केला होता. "टोपण," ती चिडून म्हणाली. "टोपण राहिलं होतं."

वायर परत बसवली. आता स्टिरिओ नुसता खरखरला आणि थांबला.

"आता?"

"खर्र झालं. परत गप्प."

"थांब. हा पाच स्पीकरचा आवाज पाठवतोय, तुझा स्टिरिओ दोनच जाणतो."

"मग दोनचा पाठव."

"तेच करतोय. आता?"

"नाही."

"आता?"

"अरे, नाही म्हटलं ना."

"ताई, जरा दम धर. आता बघ."

आणि व्हायोलिन वाजलं. एकदम, मोठ्याने, भिंतींना भिडून. वडील सुरुवातीला खोकले, तेसुद्धा आलं. मग गज तारेवरून फिरला आणि हॉल भरून गेला.

धाकटा खोलीतून बाहेर आला आणि स्टिरिओपाशी उभा राहिला. ताई टोपण बोटांत फिरवत होती. आवाज कमी करावा असं दोघांनाही सुचलं नाही. तिने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "त्या दिवशी तू होतास कुठे?"

"माझ्या घरी. पोरीला ताप होता. आईनेच हट्टाने धाडलं. बघून ये म्हणाली, मी काय कुक्कुलं बाळ आहे का. मी गेलो. जायला नको होतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलणार? आई तिथे कण्हत पडलेली. तिच्याच माथी मारल्यासारखं झालं असतं."

ताईने टोपण स्टिरिओवर ठेवलं. काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आईची हाक आली. व्हायोलिनमुळे ती नीट कळली नाही. दोघंही दाराशी धावले. आई पलंगावर कोपरावर टेकून उठायला बघत होती.

"बंद करा आधी ते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं काय बोलताय, ते मला ऐकू येत नाहीये."