शिट्टीच्या दिशेने

"मॅडमच्या खांद्यावर हात ठेव, रोशन," कुंपणापलीकडून त्याचे आजोबा रघुनाथराव म्हणाले. "डोयानं नाही दिसत, तं हातानं पाहा."

तृप्तीने रोशनचा तळहात आपल्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि हात सावकाश गोल फिरवला. हालचाल बोटांना कळली की तो आपला हात तसाच फिरवायचा. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाला व्यायाम असाच शिकवावा लागतो. मग दोन कडुलिंबांमध्ये ताणलेली दोरी धरून धावणे, मग कंबर, मनगटे. अंग गरम झाल्याशिवाय ती त्याला चेंडू देत नसे.

चेंडू कापडी होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून ती शिट्टी वाजवायची. रोशन मान किंचित तिरपी करायचा आणि आवाजाच्या दिशेने फेकायचा.

"लागला का, मॅडम?"

"डावीकडे गेला. पुन्हा."

भोपाळला होणाऱ्या अंध मुलांच्या चेंडूफेक स्पर्धेसाठी दिवाळीआधी निवड होती. फेक पट्ट्याबाहेर गेली की बाद. रोशनच्या हातात जोर होता, नेम नव्हता. तेवढा बसला तर तो पहिल्यांदाच पांढुर्ण्याबाहेर जाणार होता. रात्री झोपेतही भोपाळ-भोपाळ करतो, असे आजोबा सांगत.

इतर पालक गेटवरूनच परत फिरत. रघुनाथराव मात्र नातवाचा सराव शेवटपर्यंत बघत. तृप्तीला त्यांचे कौतुक वाटे.

"तुम्ही सावरगावच्या ना?" एकदा त्यांनी विचारले. "म्हणजे नदीपलीकडची पार्टी. आमच्या पोट्ट्याले मुद्दाम वाकडं तं नाही शिकवून राहिल्या?"

"मुद्दामच," ती म्हणाली. "म्हणून तर चेंडू डावीकडे जातो."

ते खूप हसले. मग म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यायचा हात सरळ. माह्या बापाचा, माहा, याच्या बापाचा. हाच एक राहून गेला." त्यांनी नातवाकडे पाहिले. "गर्दीत ऐकू येईन का याले शिट्टी?"

स्पर्धेत गोंगाट असतो, हे त्यांच्या लक्षात आले याचे तिला बरे वाटले.

"माझी शिट्टी तो कुठेही ओळखतो."

श्रावण संपता संपता चेंडू थेट तिच्या हातात येऊ लागला. निवडीची काळजी आता उरली नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होती, दोन गावांची दरवर्षीची दगडफेकीची जत्रा. शाळेला सुट्टी. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मध्ये पात्रात झेंडा लावलेला पळस, आणि दोन्हीकडून दगड. तृप्ती दरवर्षीप्रमाणे सावरगावच्या काठावर मलमपट्टीच्या टेबलाशी होती.

दुपारी पात्राजवळ एकाचे डोके फुटले. स्ट्रेचर घेऊन दोघे जण खाली उतरले, तीही उतरली. परत वर यायला लोक वाट देईनात. तिने गळ्यातली शिट्टी जोरात वाजवली. काही जण सरकले. तिने पुन्हा वाजवली.

दगड तिच्या कपाळावर बसला, बरोबर मधोमध.

ती गुडघ्यांवर आली. डोळ्यात रक्त उतरले. पलीकडच्या काठावर ढोल थांबून टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या विरता विरता तिकडूनच एक कोवळा, आनंदी आवाज आला.

"लागला का, मॅडम?"