कोचसाठी ठेवलेली खुर्ची

जोलीनने दार ठोठावलं आणि कुणी उघडेपर्यंत थंडीत उभी राहिली. दिवसभर उभ्याने काम करून तिचे पाय भरून आले होते. अंगातलं कॉलेजचं हिरवं जाकीट बाह्यांना जरा लांबच होतं.

दार कॉराने उघडलं. सतरा वर्षांची, चौकटीला डोकं टेकेल इतकी उंच, शाळेच्या बास्केटबॉल संघाचा सगळा भार जिच्यावर, ती हीच. तिने हात पुढे केला.

"या, कोच. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

"नाही झाला," जोलीन म्हणाली.

टपालवाल्याच्या अंगावर धावून जाणारा कुत्रा कोपऱ्यात पडला होता. त्याने एक डोळा उघडला, शेपटी आपटली आणि पुन्हा झोपला.

अमेरिकेत आयोवातल्या या गावांत कॉलेजच्या कोचने घरी येणं म्हणजे मुलगी बघायला येण्यासारखंच असतं. घर आवरायचं, ठेवणीतल्या बश्या काढायच्या, बापाने नको ते विनोद करायचे आणि नेमक्या बोलायच्या वेळी मुलीने मुकं व्हायचं. फरक इतकाच, की इथे मुलगी पसंत पडली तर तिचं कॉलेज फुकट होतं. नाही पडली, तर ती गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात कामाला लागते आणि तिथेच म्हातारी होते.

स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांपैकी न डुगडुगणारी एकच होती. कॉराने ती पुढे केली आणि जोलीन बसली.

कॉराचे वडील लायल पलीकडे आरामखुर्चीत होते, नाकात ऑक्सिजनची नळी. "कॉफी घ्या, कोच," ते म्हणाले. "आमच्या बायकोच्या हातची आहे, पण घ्या."

जोलीनने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. लायल आपल्याच विनोदावर हसले आणि हसताहसता खोकले.

ओट्यावर फडक्याखाली ताजा भाजलेला ॲपल पाय झाकून ठेवला होता. घरभर दालचिनीचा वास होता. जोलीनला कुणी तुकडा विचारला नाही, तिनेही मागितला नाही.

"कॉरा, आमच्या संघात यंदा एकच जागा उरलीय," तिने सुरुवात केली. या आठवड्यात हे वाक्य आपण कितव्यांदा बोलतोय, ते तिलाही आठवत नव्हतं. बोलून बोलून त्याची चव गेली होती. "शिक्षण, राहणं, जेवण, सगळं कॉलेजकडून. बदल्यात पहाटेचा सराव, बसचे लांबलांब प्रवास आणि पहिलं वर्ष बहुतेक बाकावर. चालेल?"

"वाईट वाटेल, पण बसेन," कॉरा म्हणाली. उत्तर पाठ केल्यासारखं आलं.

"सामना हरल्यावर घरी येऊन काय करतेस?"

"भांडी घासते."

"घासते आणि फोडते," लायल म्हणाले.

कॉरा हसली. खांदे जरा सैल झाले. इथवर ठीक चाललं होतं. आता तो प्रश्न. गेल्या खेपेला गाडी इथेच अडली होती, आणि अशी अडली तर जागा दुसऱ्या कुणाच्या मुलीला जाणार, हे जोलीनला पक्कं माहीत होतं.

"आमच्याकडे यायला तुला काही अडवतंय का?"

कॉरा टेबलावरच्या चऱ्यावरून नख फिरवत राहिली. कुत्रा उठून बसला.

"आई," कॉरा शेवटी म्हणाली, मान खाली घालून. "बाबांची छाती ही अशी. आई कारखान्यातून येते ती बूट न काढता झोपते. मी गेले तर बाबांना डॉक्टरकडे कोण नेणार, नळी कोण बदलणार? मी इथेच कामाला लागले, तर तिला जादा पाळी तरी करावी लागणार नाही."

लायलनी या वेळी विनोद केला नाही.

"हे आईला सांगितलंस?"

"तिला सांगता येत नाही. असलं काही निघालं की ती उठून भांडी आवरायला लागते. तुम्हाला सांगता येतं."

जोलीनने टेबलाची कड धरली आणि बसून राहिली. तिला फार वाईट वाटलं.

"तू तिच्याशेजारी कारखान्यात त्या मांस कापायच्या पट्ट्यावर सुरी घेऊन उभी राहिलीस, तर तिचं ओझं कमी होणार नाही," ती हळू म्हणाली. "रोज तुझे कापलेले हात बघावे लागतील तिला. ती दमलीय, खरंय. पण कशासाठी तरी दमलीय ना. ते वाया नको घालवूस."

"तुम्हाला काय माहीत, कोच?"

"तेच तर काम आहे माझं."

"नळी मला बदलता येते," लायल म्हणाले. "कॉराला बरं वाटतं म्हणून करू देत होतो."

कॉराने त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग जोलीनकडे.

"मग हो," ती म्हणाली. "येईन मी."

आता जोलीनने उठून हात मिळवायचा, संघात स्वागत आहे म्हणायचं, असं ठरलेलं असतं. तिला उठवेना. जाकिटाची लांब बाही डोळ्यांपर्यंत गेली.

कॉरा टेबलाला वळसा घालून आली आणि तिने तो हात धरला.

"जाकिटाला नको पुसूस, आई, शेजारच्या पॉलाला परत द्यायचंय," ती म्हणाली. "आणि उद्या खऱ्या कोच आल्या की ही खुर्ची त्यांची. तू माझ्या बाजूला बस."