गॅसवरचा उतारा

ताईने प्रयोगशाळेत विषारी गॅसवर असा जालीम उतारा शोधला, की आडवा झालेला उंदीर सुई टोचताच उठून मिशा साफ करायचा. वर झोपमोड केली म्हणून ताईवरच डोळे वटारायचा! तिचा धाकटा भाऊ मैल्याच्या टाक्या साफ करायचा. त्याला आणि त्याच्या टोळीला तिने सगळ्यांच्या आधी एकेक सुई दिली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

दुपारी भावाचा फोन आला. आवाज घुमत होता.

"ताई, तुझ्या सुईने कमाल केली! पूर्वी एक जण खाली उतरायचा, बाकीचे वर दोरी धरून बसायचे. आता सुई प्रत्येकाच्या खिशात आहे, मग वर बसून माश्या कशाला मारायच्या? आज सगळेच टाकीत उतरलोय."

"अरे गाढवा, सगळेच बेशुद्ध पडलात तर टोचणार कोण?"

"ऐका रे, आमची ताई घाबरली!"

पलीकडे सगळे खदाखदा हसले. "वर या, आधी वर या!" ताई ओरडत राहिली. हसणं एकेकाचं थांबत गेलं. सगळ्यात शेवटी भावाचं.